हाताची दोन बोटं आगीत गेली, तरी जगाला गिटार ऐकायला लावणारा जँगो राइनहार्ट

१९२८ साल. हिवाळा तोंडावर आला होता. पॅरिसच्या वेशीबाहेर भटक्या लोकांचा तळ होता आणि तिथल्या एका लाकडी गाडीत १८ वर्षांचा एक मुलगा रात्री उशिरा वाजवून परतला. ही गाडी म्हणजेच त्याचं घर. आत त्याच्या बायकोने विकण्यासाठी केलेल्या कृत्रिम फुलांचा ढीग पडला होता. फुलं होती सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या सिनेमाच्या रिळासारखी. ठिणगी पडायचा अवकाश, की भडका. मेणबत्तीची ज्योत फुलांना लागली आणि बघता बघता गाडी पेटली.

दोघं कसेबसे जिवंत बाहेर पडले. पण मुलाचा एक पाय आणि डावा हात वाईट भाजला. गिटार वाजवताना तारा दाबून सूर ठरवायचं काम डावा हात करतो. त्याच हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली.

पुढच्या सहा वर्षांत हाच मुलगा पॅरिसमधल्या जॅझचा सगळ्यात मोठा चेहरा झाला. त्याचं नाव जँगो राइनहार्ट.

आज गायक नसलेले, शब्द नसलेले, फक्त गिटारच्या जोरावर उभे असलेले जॅझ फ्युजनचे अल्बम जगभर निघतात. मोठ्या कंपनीची वाट न बघता कलाकार स्वतःच ते रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकतात. फ्युजन हा शब्द जॅझमध्ये रुळला तो १९६० च्या दशकाच्या शेवटी. पण वेगवेगळ्या परंपरांचं संगीत एकत्र करायचं आणि त्या सगळ्याचं पुढारपण गिटारकडे द्यायचं, हे जँगोने त्याच्या तीसेक वर्षं आधी करून दाखवलं होतं.

त्याची गोष्ट बहुतेक वेळा 'दोन बोटांचा चमत्कार' म्हणून सांगितली जाते. खरी गोष्ट त्याहून मोठी आहे, आणि तिचा काही भाग अस्वस्थ करणारा आहे.

गाडीत जन्मलेला माणूस

जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधल्या लिबर्शी गावाजवळ झाला. तोही गाडीतच. कागदोपत्री नाव होतं जाँ राइनहार्ट. त्याचे आईवडील रोमा समाजाचे होते. इंग्रजीत ज्यांना बरीच वर्षं 'जिप्सी' म्हटलं गेलं, ते हे लोक.

हा समाज मूळचा भारतातला. साधारण हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज उत्तर भारतातून निघाले आणि पश्चिमेकडे सरकत सरकत युरोपात पोहोचले. भाषेच्या अभ्यासातून हे सिद्ध झालं आहे आणि पुढे जनुकांच्या अभ्यासानेही त्याला दुजोरा दिला. त्यांची रोमानी भाषा मराठी आणि हिंदीच्याच कुळातली आहे. त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी', कानाला 'कान', नाकाला 'नाख' आणि आगीला 'याग' म्हणतात. जँगो ज्या शाखेचा, तिचं नाव 'मानूश'. आपला 'माणूस' आणि हा 'मानूश' एकाच मुळातून आलेत.

'जँगो' हे त्याचं घरचं नाव. त्याचा अर्थ 'मी जागा होतो' असा सांगितला जातो. रोमानीतलं ते क्रियापद आणि आपलं 'जागणं' यांचंही मूळ एकच.

पहिल्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब इटली, कॉर्सिका, अल्जीरिया असं फिरत राहिलं. शेवटी ते पॅरिसच्या जुन्या तटबंदीबाहेर येऊन थांबलं. या पट्ट्याला 'झोन' म्हणत. लष्करी कारणासाठी तिथे पक्कं बांधकाम करायला मनाई होती. त्यामुळे शहरात ज्यांना जागा नाही अशा लोकांच्या झोपड्या आणि गाड्या तिथे उभ्या असत. पॅरिस हाकेच्या अंतरावर, पण पॅरिसमध्ये गणती नाही, अशी ती वस्ती होती.

जँगोचं शाळेशी कधी जमलंच नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं. स्वरलिपी तर आयुष्यभर आली नाही. पण घरात वाद्यं होती, वाजवणारे काका-मामा होते. आधी त्याने व्हायोलिन हातात घेतलं. बाराव्या वर्षाच्या आसपास त्याला बँजो-गिटार मिळालं. हे सहा तारांचं वाद्य आवाजाला खणखणीत असतं.

त्या काळी पॅरिसच्या कष्टकरी वस्त्यांमध्ये 'बाल म्युझेत' नावाचे नाचाचे हॉल जोरात होते. तिथे राज्य होतं अ‍ॅकॉर्डियनचं. मांडीवर धरून भात्यासारखा ओढायचा हा पेटीचा भाऊबंद. जँगो कोवळ्या वयातच या अ‍ॅकॉर्डियनवाल्यांना साथ करू लागला. १९२८ मध्ये जाँ वेसाद या अ‍ॅकॉर्डियनवादकाबरोबर त्याच्या पहिल्या रेकॉर्ड निघाल्या. जँगोला स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सांगता येत नव्हतं. साहजिकच रेकॉर्डवर त्याचं नाव 'जिआंगो रनार' असं काहीतरी छापलं गेलं.

तरीही त्याची कीर्ती इतकी पसरली होती, की जॅक हिल्टन हा इंग्लंडमधला बडा बँडप्रमुख त्याला ऐकायला आला आणि त्याने जँगोला आपल्या बँडमध्ये बोलावलं. लंडनचं दार उघडलं होतं. आग लागली ती नेमकी याच सुमारास.

दोन बोटांचं गणित

डॉक्टरांचं मत होतं, की भाजलेला पाय कापावा लागेल. जँगोने आणि त्याच्या घरच्यांनी नकार दिला. पाय वाचला. सुमारे दीड वर्ष तो अंथरुणाला खिळून आणि उपचार घेत होता.

या काळात धाकटा भाऊ जोसेफ त्याच्यासाठी गिटार घेऊन आला. बँजोपेक्षा गिटारच्या तारा हलक्या हाताने दाबता येतात, आवाजही मऊ. पण आता प्रश्न होता दोन बोटांचा.

गिटारची मान म्हणजे आडव्या पट्ट्यांची शिडी समजा. साधारणपणे वादक डाव्या हाताची चार बोटं शेजारशेजारच्या चार पट्ट्यांवर ठेवतो. हात फारसा न हलवता एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जात तो पूर्ण सप्तक वाजवू शकतो. दोन बोटं उरल्यावर ही पद्धत कोलमडते.

जँगोने मग हातच पळवायला सुरुवात केली. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या जोरावर तो एकाच तारेवर वरपासून खालपर्यंत धावायचा. स्वरांची शिडी एकेक पायरी चढण्यापेक्षा तो एकेका कॉर्डमधले सूर सुटे करून, उड्या मारत वर जायचा. वेगवेगळ्या तारांवरचे हे सूर दोन बोटांनी झपाट्याने घेता येतात. आखडलेली बोटं पूर्ण निकामी नव्हती. ती उघडत नसली, तरी वरच्या बारीक तारांवर टेकवता येत होती. कॉर्ड धरताना तो त्यांचाही उपयोग करून घ्यायचा. त्यातून कॉर्डचे जे आकार तयार झाले, ते चार बोटांच्या वादकाला सहसा सुचलेच नसते.

उजवा हात शाबूत होता. बँजोवर अ‍ॅकॉर्डियनच्या आवाजाला टक्कर देत देत तो आधीच पोलादी झाला होता. जँगोच्या वाजवण्यात जो दणदणीतपणा ऐकू येतो, तो या हाताचा.

म्हणजे हा काही एका रात्रीचा चमत्कार नव्हता. आगीच्या आधी सहा-सात वर्षांची मैफलींची तालीम होती आणि आगीनंतर दीड वर्षाचा हट्टी रियाज. दुःखामुळे प्रतिभा जन्माला येते, असं म्हणणं सोपं आहे. इथे प्रतिभा आधीपासून होती. आगीने तिला जुनी वाट बंद केली, एवढंच.

रेकॉर्डमधून भेटलेला जॅझ

१९३१ च्या सुमारास जँगो आणि जोसेफ दक्षिण फ्रान्समधल्या तुलाँ शहरात होते. कॅफेंमध्ये वाजवायचं, टोपी फिरवायची, पोट भरायचं. तिथे त्यांची गाठ एमिल साव्हित्री या चित्रकाराशी पडली. साव्हित्रीकडे अमेरिकन जॅझच्या रेकॉर्डचा साठा होता. लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन, जो व्हेनुती आणि एडी लँग. शेवटचे दोघं व्हायोलिन आणि गिटारची जोडी.

आर्मस्ट्राँगचं ट्रम्पेट ऐकून जँगो अक्षरशः रडला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. तोवर त्याने जे वाजवलं होतं, त्यात चाल ठरलेली असायची आणि साथीदाराने साथ करायची. इथे वादक चाल एकदा मांडून तिच्यातून बाहेर पडत होता आणि त्या क्षणी सुचेल ते वाजवत होता. राग मांडून झाल्यावर त्याचा विस्तार जागेवरच करण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना हे ओळखीचं वाटेल.

हा काळ पॅरिसचाही होता. अमेरिकेत वर्णभेद सोसणारे अनेक कृष्णवर्णीय वादक पॅरिसमध्ये मोकळेपणाने वाजवत होते. त्यांचा वावर फक्त युरोपपुरता नव्हता. लिऑन अ‍ॅबी या व्हायोलिनवादकाचा बँड युरोपातूनच १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. मुंबईच्या जॅझचा पाया अशा बँडनी घातला आणि गोव्याच्या वादकांनी तो पुढे नेला. जग जोडणारं हे संगीत होतं, आणि जँगो त्यात स्वतःचा रस्ता शोधत होता.

एक तार तुटली आणि बँड जमला

१९३४ मध्ये जँगो पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होता. दुपारच्या चहाच्या वेळी श्रीमंत पाहुण्यांनी नाचावं, यासाठीचं हे संगीत. त्याच ऑर्केस्ट्रात स्टेफान ग्रापेली नावाचा व्हायोलिनवादक होता.

एक दिवस ग्रापेलीच्या व्हायोलिनची तार तुटली. मध्यंतरात नवी तार चढवून सूर जुळवताना त्याने सहज जॅझची एक चाल छेडली. बाजूलाच बसलेल्या जँगोने गिटारवर साथ धरली. दोघांनाही मजा आली. मग रोजच मध्यंतरात पडद्यामागे मैफल रंगू लागली. लुई व्होला हा ऑर्केस्ट्राचा प्रमुख डबल बास घेऊन सामील झाला, नंतर भाऊ जोसेफ गिटार घेऊन आला.

मग जँगोने तक्रार केली. ग्रापेली वाजवतो तेव्हा त्याच्या मागे दोन गिटार असतात, पण आपण वाजवतो तेव्हा मागे एकच उरते, हे काही बरोबर नाही! मग रोजे शापू या तिसऱ्या गिटारवादकाला घेतलं. एक व्हायोलिन, तीन गिटार, एक बास. पाच जण, सगळी तारवाद्यं. ना ड्रम, ना ट्रम्पेट, ना पियानो.

ड्रम नसताना ठेका कोण धरणार? ते काम साथीच्या दोन गिटारनी घेतलं. एका मात्रेवर हलका कॉर्ड, पुढच्या मात्रेवर जोरात मारून लगेच दाबलेला. या पद्धतीला फ्रेंचमध्ये 'ला पॉम्प' म्हणजे पंप म्हणतात. ऐकलं की नाव का पडलं ते लगेच कळतं.

गिटारही खास होतं. मारिओ माकाफेरी याने सेल्मर कंपनीसाठी घडवलेलं हे गिटार १९३२ मध्ये बाजारात आलं होतं. अ‍ॅम्प्लिफायर नसलेल्या त्या काळात गिटारचा आवाज इतर वाद्यांमध्ये बुडून जायचा. म्हणूनच बहुतेक बँडमध्ये गिटारला मागच्या रांगेत बसून ठेका द्यायचं काम असायचं. अमेरिकेत एडी लँग आणि लॉनी जॉन्सन यांनी हे चित्र बदलायला सुरुवात केली होती. सेल्मरचा टणक, पुढे फेकला जाणारा आवाज जँगोच्या हातात आला आणि युरोपात गिटार थेट पहिल्या रांगेत येऊन बसलं.

मोठ्या कंपनीने नाकारलेली रेकॉर्ड

पॅरिसमध्ये जॅझवेड्या तरुणांनी 'हॉट क्लब द फ्रान्स' नावाचा एक क्लब काढला होता. पिएर नूरी आणि शार्ल देलोने हे त्यातले प्रमुख कार्यकर्ते. या मंडळींनी जँगोच्या टोळीला स्वतःच्या पंखाखाली घेतलं.

त्यांनी केलेलं पहिलं चाचणी रेकॉर्डिंग ओडियन कंपनीने नाकारलं. कारण काय, तर हे फारच आधुनिक आहे! ड्रम नसलेला, व्हायोलिन आणि गिटारचा जॅझ बँड कोण विकत घेणार, हा प्रश्न इतरांनाही पडला होता. शेवटी अल्ट्राफोन ही कंपनी तयार झाली. डिसेंबर १९३४ मध्ये आधी पॅरिसच्या एकोल नॉर्माल या संगीत विद्यालयात त्यांची मैफल झाली आणि त्याच महिन्यात पहिल्या रेकॉर्ड झाल्या. लेबलवर नाव होतं 'केंतेत द्यु हॉट क्लब द फ्रान्स'.

आजच्या भाषेत याला सरळ 'इंडी' म्हणता आलं असतं. बड्या कंपनीचा नकार, चाहत्यांनी केलेली धडपड आणि मिळेल त्या लेबलवर निघालेली रेकॉर्ड. पुढे १९३७ मध्ये देलोने आणि मंडळींनी 'स्विंग' नावाचं फक्त जॅझला वाहिलेलं लेबल काढलं. त्याच्या पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये कोलमन हॉकिन्स आणि बेनी कार्टर हे अमेरिकेतले दिग्गज वाजवत होते. त्यांच्या बरोबर गिटारवर होता जँगो. युरोपातला माणूस अमेरिकन उस्तादांच्या पंक्तीला बसला होता, आणि त्यांची नक्कल करत नव्हता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'मायनर स्विंग' रेकॉर्ड झालं. धून अगदी साधी. मोजके कॉर्ड, छोटंसं चक्र, आणि त्यावर जँगो व ग्रापेली यांची आळीपाळीने उत्स्फूर्त वाजवणी. अमेरिकन जॅझचा झोल, म्युझेतच्या नाचाची लय आणि मानूश लोकांच्या संगीतातली हुरहुर, तिन्ही गोष्टी त्यात आहेत.

माणूस म्हणून जँगो सांभाळायला कठीण होता. पैसा आला की जुगारात उडायचा. बिलियर्ड्सचा डाव रंगला, तर मैफल राहून जायची. शिस्तीचा ग्रापेली वैतागायचा. पण दोघं वाजवायला बसले की सगळं माफ.

युद्ध: तो वाचला, त्याचे लोक नाही

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा हा बँड लंडनमध्ये होता. ग्रापेली तिथेच राहिला. जँगो तडकाफडकी पॅरिसला परतला. पुढच्याच वर्षी जून महिन्यात पॅरिस जर्मनीच्या ताब्यात गेलं.

नाझींच्या लेखी रोमा लोक हीन वंशाचे होते. त्यांच्या लेखी जॅझही हीनच संगीत. मग रोमा असलेला, जॅझ वाजवणारा माणूस पॅरिसमध्ये जिवंत कसा राहिला?

त्याचं उत्तर पॅरिसच्या विचित्र परिस्थितीत आहे. जर्मन सैनिक सुट्टीवर मौज करायला पॅरिसला येत. त्यामुळे तिथले क्लब आणि थिएटर चालू ठेवण्यात आली. अमेरिकन धूनांना फ्रेंच नावं देऊन वाजवलं जाई. आणि जर्मन अधिकाऱ्यांमध्येही जॅझचे छुपे चाहते होते. दीत्रिख शुल्ट्स-क्योन या जर्मन हवाई दलातल्या अधिकाऱ्याचा १९४२ मधला एक फोटो प्रसिद्ध आहे. पॅरिसमधल्या एका क्लबबाहेर गणवेशातला हा अधिकारी जँगो आणि कृष्णवर्णीय वादकांबरोबर उभा आहे.

उलट याच काळात जँगो कधी नव्हे इतका लोकप्रिय झाला. व्हायोलिनच्या जागी त्याने उबेर रोस्तँ या तरुणाची क्लॅरिनेट घेतली. डिसेंबर १९४० मध्ये 'न्युआज' म्हणजे 'ढग' ही त्याची संथ धून रेकॉर्ड झाली. पराभूत, उदास पॅरिसला ती आपलीच वाटली. शब्द नसल्यामुळे सेन्सॉरला कापायला काही नव्हतं. रस्त्यांवर जँगोची पोस्टर लागत होती.

त्याच वेळी त्याच्या समाजाचं काय चाललं होतं?

फ्रान्सच्या सरकारने ६ एप्रिल १९४० रोजी, म्हणजे जर्मन येण्याच्या आधीच, भटक्या लोकांच्या फिरण्यावर बंदी घातली होती. पुढे फ्रान्समधल्या छावण्यांमध्ये साडेसहा हजारांच्या आसपास लोकांना डांबण्यात आलं. युद्ध संपल्यावरही शेवटची छावणी रिकामी व्हायला १९४६ उजाडलं. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी या प्रकाराची जबाबदारी मान्य केली ती थेट २०१६ मध्ये.

जँगोची जन्मभूमी बेल्जियम. जानेवारी १९४४ मध्ये तिथल्या मेखेलन शहरातून एक रेल्वेगाडी ऑशविट्झ छळछावणीकडे निघाली. त्यात बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये पकडलेले ३५१ रोमा होते. त्यांत लहान मुलंही होती. त्यातले अगदी मोजकेच जगले. संपूर्ण युरोपात नाझी आणि त्यांच्या साथीदारांनी मारलेल्या रोमा लोकांचा आकडा २ लाख ते ५ लाखांच्या दरम्यान मानला जातो.

जँगोला धोका कळत होता. १९४३ मध्ये त्याने नागिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोफी झिग्लरशी लग्न केलं होतं आणि ती गरोदर होती. त्या वर्षी शरद ऋतूत दोघांनी जिनिव्हा सरोवराजवळून स्वित्झर्लंडला पळून जायचा प्रयत्न केला. जँगो पकडला गेला. पण ज्याच्यासमोर त्याला उभं केलं, तो जर्मन अधिकारीच त्याचा चाहता निघाला आणि त्याने सोडून दिलं. काही दिवसांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी स्वित्झर्लंडच्या सीमारक्षकांनीच परत पाठवलं. मग पॅरिसला परतून पुन्हा वाजवणं, एवढाच मार्ग उरला. ८ जून १९४४ रोजी, मित्रराष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्यानंतर दोनच दिवसांनी, मुलगा बाबिक जन्मला.

पोस्टरवरच्या नावाने जँगोला वाचवलं. ज्यांचं नाव कुठल्याच पोस्टरवर नव्हतं, त्यांच्यासाठी गाडीचा डबा होता. जँगोच्या कलेचं कौतुक करताना ही बाजू झाकता येत नाही. या काळात त्याने आपल्या लोकांसाठी चर्चमध्ये गायला एक प्रार्थनासंगीत रचायला घेतलं होतं. तो वाजवून दाखवायचा, क्लॅरिनेटवादक जेरार लेव्हेक लिहून घ्यायचा. ते काम कधीच पूर्ण झालं नाही.

अमेरिका: हवी होती तशी भेटली नाही

युद्धानंतर १९४६ च्या सुरुवातीला जँगो आणि ग्रापेली लंडनमध्ये पुन्हा भेटले. त्यांनी फ्रान्सच्या राष्ट्रगीताची चालच जॅझमध्ये वाजवून रेकॉर्ड केली.

त्याच वर्षाच्या शेवटी ड्यूक एलिंग्टनचं आमंत्रण आलं. तुलाँच्या खोलीत ज्याच्या रेकॉर्ड ऐकल्या, त्याच्याच बरोबर अमेरिकेचा दौरा! जँगो गिटार न घेताच निघाला. अमेरिकेतल्या कंपन्या आपल्याला गिटार द्यायला रांग लावतील, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. सवय नसलेलं इलेक्ट्रिक गिटार घेऊन त्याला मंचावर जावं लागलं. कार्यक्रमाच्या शेवटी काही धून वाजवायच्या, एवढंच त्याचं काम होतं. एलिंग्टनच्या बँडमध्ये मुरायला वेळच मिळाला नाही.

न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये २३ आणि २४ नोव्हेंबरला कार्यक्रम होते. पहिली रात्र छान गेली. दुसऱ्या रात्री जँगोला मार्सेल सेर्दाँ हा फ्रेंच मुष्टियोद्धा भेटला, गप्पा रंगल्या आणि तो हॉलवर पोहोचला तेव्हा कार्यक्रम संपत आला होता. न्यूयॉर्कच्या टीकाकारांना ते रुचलं नाही. काही महिन्यांत तो फ्रान्सला परतला.

शेवटची वर्षं

परतल्यावर जँगोने काही काळ गिटार बाजूलाच ठेवलं. चित्रं काढायची, मासे पकडायचे. १९४९ मध्ये तो आणि ग्रापेली रोममध्ये इटालियन वादकांना घेऊन पुन्हा एकत्र वाजले. या जोडीचं हे शेवटचं मोठं काम. १९५१ मध्ये तो पॅरिसपासून जवळच, सेन नदीकाठच्या साम्वा गावात राहायला गेला.

तोवर जॅझ बदललं होतं. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांचा वेगवान, तिरकस बीबॉप आला होता. जँगोचं वय चाळीसच्या पुढे. जुनी लोकप्रिय गाणी वाजवून त्याला सहज आयुष्य काढता आलं असतं. त्याने उलट केलं. पॅरिसच्या क्लब सां-जर्मेनमध्ये तो आपल्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान पोरांबरोबर इलेक्ट्रिक गिटार घेऊन वाजवू लागला आणि नवी भाषा शिकू लागला. मार्च १९५३ मध्ये त्याने पियानो, बास आणि ड्रमबरोबर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं, तर हाच का तो १९३४ चा माणूस, असा प्रश्न पडतो.

१६ मे १९५३ च्या शनिवारी पॅरिसमध्ये वाजवून तो परतला. स्टेशनवरून चालत गावी येताना तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. सुट्टीचा दिवस असल्याने डॉक्टर यायला फार उशीर झाला आणि त्याच दिवशी जँगो गेला. वय ४३.

मागे काय राहिलं?

त्याचं एक सेल्मर गिटार, क्रमांक ५०३, नागिनने १९६४ मध्ये पॅरिसच्या वाद्यसंग्रहालयाला दिलं. साम्वामध्ये १९६८ मध्ये त्याच्या नावाचा महोत्सव सुरू झाला. मुलगा बाबिक जॅझ गिटारवादक झाला. ग्रापेली १९९७ पर्यंत जगला. १९८४ मध्ये त्याने भारतीय व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम यांच्याबरोबर अल्बमही केला.

ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोकं तरुणपणी कारखान्यातल्या अपघातात गेली. तो गिटार सोडायच्या बेतात असताना कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली. हेवी मेटलचा इतिहास त्या रेकॉर्डचा थोडा ऋणी आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोमा कुटुंबांमध्ये जँगोचं वाजवणं कानावाटे पुढच्या पिढीकडे जात राहिलं. बिरेली लाग्रेन हा मानूश मुलगा १९८० मध्ये, वयाची चौदा वर्षंही पूर्ण नसताना, जँगोच्या वाटेवरचा अल्बम घेऊन आला आणि पुढे जॅको पास्टोरियससारख्यांबरोबर थेट फ्युजनमध्ये शिरला. स्वरलिपी न येणाऱ्या माणसाची शैली कागदाशिवायच टिकली.

जँगो पहिल्यांदाच ऐकणार असाल, तर सुरुवात १९३७ च्या 'मायनर स्विंग'पासून करा. ठेका देणाऱ्या गिटारकडे आधी लक्ष द्या, मग जँगोकडे. त्यानंतर 'न्युआज' दोनदा ऐका. एकदा १९४० ची, क्लॅरिनेट असलेली. एकदा मार्च १९५३ ची, इलेक्ट्रिक गिटारवरची. चाल तीच आहे. मधल्या तेरा वर्षांत तिच्यावरून काय काय गेलं, ते शब्दांशिवाय कळतं.